बर्फातल्या जेवणाचा मास्टर

आमच्या इस्माईल मास्टरने उभ्या जन्मात बर्फ पाहिला तो मासळीवर घातलेला. पण बर्फाच्या डोंगरावर सुट्टीला गेलेल्या माणसाने रात्री जेवायला बसताना काय घालावं, या विषयात साऱ्या दुबईत त्याच्या तोडीचा जाणकार नव्हता. हे त्याचं स्वतःचं मत. या विषयावर दुबईत दुसऱ्या कोणाला मतच नसल्यामुळे ते खोडून काढायची सोय नव्हती.

ही साठ सालानंतरची गोष्ट. तेव्हाची दुबई म्हणजे एक खाडी, तिच्या दोन्ही काठांवरची मातीची घरं, बाजारात चालणारा रुपया आणि बाकी सगळा उकाडा. मी खाडीकाठच्या एका इंग्रजी बोट कंपनीत टायपिस्ट होतो. सकाळी सातला टाइपरायटरसमोर बसायचं, दुपारी घामाने कागद बोटांना चिकटू द्यायचे, संध्याकाळी चार जणांच्या खोलीवर येऊन वाळू मिसळलेली डाळ गिळायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या वर्षांचा मला इतका कंटाळा होता की आज नुसतं आठवलं तरी दमायला होतं. विरंगुळा काय तो एकच, मास्टरचं दुकान.

दुकान म्हणजे कापडबाजारामागच्या गल्लीतली एक खोली. एक पायमशीन, एक फळी, कोळशाची इस्त्री आणि गिऱ्हाइकाला बसायला एक डुगडुगतं स्टूल. मास्टर हर्णैच्या बाजूचा, मी दाभोळचा मयेकर. परमुलखात एवढं नातं पुरतं. वय पंचेचाळीसच्या आसपास, सडसडीत अंगकाठी, आणि ओठांत कायम दोन टाचण्या. त्या काढल्याशिवाय बोलता येत नसे, त्यामुळे त्याचं बोलणं फार विचार करून आल्यासारखं वाटायचं.

मशीनच्या वर भिंतीला एका इंग्रजी मासिकातलं पान चिकटवलेलं होतं. कोण्या साहेबाने फाटका कोट त्यात गुंडाळून आणला होता. डोंगरावरच्या हॉटेलातली जेवणाची मोठी खोली. एका भिंतीत माणूस उभा राहील एवढी आग पेटलेली, समोरच्या भिंतीला खिडकी, खिडकीबाहेर बर्फच बर्फ, आणि मधे टेबलांवर जेवणारी माणसं. मास्टरचं सगळं ज्ञान या एका पानातून आलेलं होतं. चित्रातली सोळा माणसं आणि एक कुत्रा त्याच्या रोजच्या ओळखीचे झाले होते. हिरव्या झग्यातल्या बाईचं तोंड वाकडं आहे ते अस्तर पातळ आहे म्हणून, हे त्याने मला पहिल्याच भेटीत सांगितलं.

"दिवसा काय, मयेकरभाऊ," टाचण्या हातात घेऊन तो म्हणाला, "दिवसा बर्फात माणूस घोंगडी गुंडाळून घसरला तरी चालतंय. कोण बघतंय? खरी परीक्षा रात्री. एका कुशीला आग, दुसऱ्या कुशीला बर्फ, मधे माणूस. त्याला गरम पण वाटलं पाहिजे, घाम पण आला नाय पाहिजे, आणि रुबाबात पण दिसलं पाहिजे. आता बोला."

मी काय बोलणार? माझ्या दोन्ही कुशींना घाम येत होता.

यावर मास्टरने काढलेला तोडगा असा. कोटाच्या ज्या बाजूला खिडकी, त्या बाजूला जाड लोकरीचं अस्तर. ज्या बाजूला आग, तिथे नुसतं रेशमी. बाहेरून बघणाऱ्याला पत्ता लागायचा नाही, आतून मात्र कोट दोन ऋतूंचा. त्यामुळे नाताळात बर्फावर निघालेलं गिऱ्हाईक आलं की मास्टर कापड हातात घ्यायच्या आधी दोन प्रश्न विचारायचा. पहिला, "विंडो व्हिच हँड?" आणि दुसरा, "फ्रंट हू सिट?"

खिडकीचा प्रश्न एक वेळ समजण्यासारखा होता. समोर कोण बसणार, याच्याशी शिंप्याला काय करायचं? मी विचारलं तर मास्टरने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"जेवताना तुमचा कपडा तुम्हाला दिसतो काय? नाय. समोरच्याला दिसतो. म्हणजे तुम्ही घालता कोणासाठी? त्याच्यासाठी. मग तो कोण, हे मला कळायला नको?"

गंमत म्हणजे एवढा जेवणाच्या कपड्यांचा पंडित, पण स्वतः जेवायचा तो भोकं पडलेल्या बनियनवर आणि लुंगीवर, ॲल्युमिनियमची थाळी मांडीवर घेऊन, भिंतीकडे तोंड करून. दहा मिनिटांत खलास. एकदा मी त्याला यावरून छेडलं, तर म्हणाला, "समोर भिंत हाय. भिंतीला काय दाखवू?"

आमच्या कंपनीचे मॅनेजर बार्टनसाहेब दर नाताळाला बायको आणि मुलीला घेऊन ऑस्ट्रियातल्या डोंगरांत जायचे. पहिल्यांदा मीच त्यांना मास्टरकडे घेऊन गेलो, दुभाषा म्हणून. मास्टरचे प्रश्न ऐकून साहेब आधी लाल झाले. मग स्टुलावर बसून विचारात पडले. समोर कोण? दहा दिवस समोर सासू असणार होती.

"मदर-इन-लॉ," साहेब म्हणाले.

मास्टरने गंभीरपणे मान हलवली. "कॉलर एक बोट उंच," असं पुटपुटत त्याने कागदावर टिपून घेतलं.

राहिला खिडकीचा प्रश्न. बार्टनसाहेब पद्धतशीर माणूस. त्यांनी दुसऱ्या दिवशी मला बोलावून त्या हॉटेलला पत्र टाइप करायला लावलं की आमच्या टेबलावर माझ्या खुर्चीच्या कोणत्या हाताला खिडकी येईल ते कृपया कळवावं. बोट कंपनीच्या लेटरहेडवर असलं पत्र मी टाइप केलं आणि देशात मला बी. कॉम. करण्यासाठी पैसे खर्च केलेल्या वडिलांची मनोमन क्षमा मागितली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, डाव्या हाताला.

कोट तयार झाला. आता त्याची चाचणी. साहेबांच्या आणि माझ्या खांद्यांत काही फरक नव्हता, फरक होता तो पगारात, म्हणून मास्टरने मला धरलं. बर्फ कुठे मिळणार? खाडीच्या तोंडाशी बर्फाचा कारखाना होता. तिथले बलुची हमाल मास्टरच्या ओळखीचे, त्यांचे पायजमे हाच शिवायचा. एका शुक्रवारी सकाळी, बाहेर ऊन रणरणत असताना, मी काळा डिनर कोट घालून एका बर्फाच्या लादीवर गोणपाट टाकून बसलो. डाव्या हाताला बर्फाच्या लाद्यांची भिंत, उजव्या हाताला मास्टरने आणलेली कोळशाची इस्त्री, आग म्हणून. मांडीवर बांगड्याचं कालवण आणि भात.

"खा," मास्टर म्हणाला. "हात लांब करा. मीठ मागा. बाही कालवणात जाते काय बघू. आता हसा."

"आता कशाला हसू?"

"साहेब लोक जेवताना हसतात. बगलेत ओढ बसते काय ते मला बघायचंय. यल्ला, हसा."

मी हसलो. त्या वर्षातलं माझं ते बहुधा पहिलंच हसणं, आणि तेही हुकमावरून. हमाल लाद्या ओढायचे थांबून आम्हाला बघत होते. बगलेत ओढ बसली नाही. कोट पास झाला.

जानेवारीत साहेब परत आले ते डाव्या कुशीवर घामोळं घेऊनच. सासूबाईंनी ऐन वेळी जागा बदलून घेतली होती आणि दहा रात्री साहेबांची लोकरीची बाजू आगीला होती. मी हे मास्टरला सांगितलं तेव्हा त्याने टाचण्या काढायचीही तसदी घेतली नाही. दातांतूनच म्हणाला, "मी कोट शिवला. टेबल नाय शिवलं." तरीही पुढच्या वर्षी साहेब त्याच्याकडेच आले. चुकीच्या बाजूने का होईना, इतकी काळजी त्यांची दुसऱ्या कोणी केली नसावी.

आता बार्टनसाहेबांच्या मुलीचं सांगतो. सूझन तिचं नाव, आठ-नऊ वर्षांची, गोबरी, गुबगुबीत आणि एका जागी स्थिर न राहणारी. मोठ्या माणसांची मापं मास्टर नजरेने घ्यायचा. माणूस दारातून आत येईपर्यंत त्याची छाती-कंबर याच्या डोक्यात लिहिली गेलेली असायची. सूझनला मात्र टेप लावून अर्धा अर्धा तास मापायचा. खांदा, पाठ, दंड, मनगट, गळा, गुडघ्यापर्यंतची उंची. पुन्हा पहिल्यापासून. ती पोर वैतागून म्हणायची, "आर वी डन?" आणि मास्टर म्हणायचा, "वन मिनिट, बेबी, वन मिनिट." ते मिनिट काही संपायचं नाही.

दुसऱ्या वर्षी तिच्या जेवणाच्या झग्यासाठी तिच्या आईने मरून मखमल दिली. दोन दिवसांनी मी दुकानात गेलो तर फळीवर एकाच मापाचे मरून मखमलीचे दोन झगे कापलेले. मला वाईट वाटलं. शिंपी कापड मारतात हे जगजाहीर आहे, पण लहान पोरीच्या झग्यातलं? आणि उद्या साहेबांना कळलं तर त्यांना इथे आणणारा मी. मी सरळ विचारलं.

मास्टरने टाचण्या काढून बाहीला टोचल्या. आतून ट्रंक ओढली आणि कापडवाल्या शेटचं बिल माझ्या हातात दिलं. दुसऱ्या झग्याची मखमल त्याने स्वतः विकत आणलेली होती.

"माझी जुबेदा," तो म्हणाला. "तीपण याच महिन्यातली, याच साली झालेली. मी निघालो तेव्हा अकरा महिन्यांची होती. ही पोर वाढते तशी तीपण वाढत असेल ना? मग हिचं माप घेतो आणि तिला पाठवतो."

आठ वर्षांत तो घरी गेला नव्हता. का, हे विचारायचं कारण नव्हतं. एकट्या माणसाचं दुकान, महिनाभर मशीन बंद राहिली की खोली दुसऱ्याला गेली. दर वर्षी म्हणायचा, "पुढच्या पावसाळ्यानंतर, इन्शाल्ला." घरी मुलीचं माप घ्यायला शिंपी नव्हता, फोटो काढायला फोटोवाला नव्हता. साऱ्या जगात त्याच्या मुलीच्या वयाची एकच मुलगी त्याच्या टेपच्या आवाक्यात होती, आणि ती वर्षातून एकदा, बर्फावर जेवायला जायच्या आधी, या स्टुलावर उभी राहायची. सूझनच्या मापाचं ते न संपणारं मिनिट मला त्या दिवशी कळलं. मी मनात त्याला चोर म्हटलं होतं, त्याची लाज अजून वाटते.

मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "आणि अस्तर? ते कुठल्या हाताला?"

"तिथं कोणाला विचारायला नको," मास्टर म्हणाला. "चूल उजव्या हाताला, मागचं दार डाव्या हाताला. दारातून समुद्राचा वारा येतो. तिथं बसूनच मी तिला मऊ भात भरवायचो."

सूझनचा तिसऱ्या वर्षीचा झगा झाला आणि मार्चमध्ये बातमी आली की बार्टनसाहेबांची बदली झाली, सगळं कुटुंब कायमचं विलायतेला चाललं. मी संध्याकाळी मास्टरला सांगितलं. चांगलं गिऱ्हाईक गेलं म्हणून तो हळहळेल असं वाटलं होतं. तो नुसता मशीनवर हात ठेवून बसला.

"आता पोर केवढी झाली, हे मला कसं कळणार?" तो म्हणाला.

एप्रिलात माझी रजा मंजूर झाली. जाताना मास्टरने कागदात बांधलेला झगा दिला. नाताळातल्या मापाचा, वर 'चार महिन्यांची वाढ' म्हणून अर्धा इंच सोडलेला. "घालून बघा म्हणावं. जेवायला बसेल तेव्हा," एवढाच निरोप.

मुंबईहून कोकणबोटीने हर्णैला उतरलो आणि घामाघूम होऊन मास्टरच्या घरी पोचलो. मास्टरची बायको, हलीमाभाभी, डोक्यावरचा पदर सावरत बाहेर आली. मागून जुबेदा आली, आणि मी हातातल्या पुडक्याकडे बघितलं. मुलगी उंच, काटकुळी, नुसते हातपाय. तिच्यासारख्या दोघी त्या झग्यात मावल्या असत्या, आणि तरी तो तिच्या गुडघ्याच्या वरच राहिला असता.

जेवायची वेळ झाली होती. भाभीने मला बसवलं. जुबेदा आत जाऊन गेल्या वर्षीचा मरून झगा घालून आली आणि चुलीच्या बाजूला, मागच्या दाराकडे डावी कूस करून बसली. एप्रिलचा महिना, अंगावर मखमल, डाव्या बाजूला लोकर. घाम तिच्या कानामागून ओघळत होता.

"गरम नाही होत?" मी विचारलं.

"होतंय," ती म्हणाली. "पण बाबांनी जेवताना घालायला सांगितलाय."

झग्याच्या दोन्ही कुशी चार चार बोटं आत घेतलेल्या होत्या आणि खाली दुसऱ्या कापडाची पट्टी जोडलेली होती. ती पट्टी लपवायचा प्रयत्न केलेला दिसत होता. भाभीच्या लक्षात आलं की मी पाहिलं.

"पहिल्यापासून असंच, भाऊ," ती हळूच म्हणाली. "येतो तो झगा मी उसवते नि बसवते. पत्रात मात्र 'अगदी बरोबर बसला' असंच लिहायला लावते. तुम्ही त्यांना काय बोलू नका. त्यांच्या जिवाला तेवढंच बरं वाटतंय."

मी कबूल केलं. मला तरी कुठे हिंमत होती? इतकी वर्षं तो माणूस अर्धा अर्धा तास टेप धरून बसला होता, आणि सगळी मापं परक्या मुलीची निघाली हे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं?

पण जुबेदाने ऐकलं होतं. जेवण झाल्यावर ती मागच्या पडवीत गेली आणि जाळी विणायच्या सुताचा एक लांब तुकडा घेऊन आली. टेप त्या घरात नव्हता. तिने सुताचं एक टोक स्वतःच्या खांद्यावर दाबून धरलं, दुसऱ्या खांद्यापर्यंत ताणलं आणि तिथे गाठ मारली. मग छाती, गाठ. कंबर, गाठ. बाही, गाठ. उंचीसाठी आईला टोक धरायला लावलं. आई "नको गं" म्हणत होती आणि टोक धरून उभी होती.

"चाचा, हे बाबांना द्या," ती मला म्हणाली. "ते लिहितात, सूझनएवढी झाली असशील. मी सूझनएवढी नाय."

ते सूत मी दीड महिना पाकिटात बाळगलं. देऊ की नको, हे बोटीवर चार दिवस ठरवत होतो. दुबईला उतरलो तेव्हाही ठरलं नव्हतं. पण दहा वर्षांच्या मुलीने विश्वासाने दिलेली वस्तू दाबून ठेवण्याइतका मी निगरगट्ट नव्हतो. संध्याकाळी मगरीबची नमाज झाल्यावर दुकानात गेलो. मास्टरने स्टूल पुढे सरकवलं, टाचण्या काढल्या आणि विचारलं, "बसला काय?"

मी सूत फळीवर ठेवलं आणि झालं ते सगळं सांगितलं. उसवलेल्या कुशी, खालची पट्टी, भाभीची विनवणी, काहीच गाळलं नाही.

मास्टरने गळ्यातला टेप फळीवर पसरला आणि त्याच्या कडेने ते सूत सरळ केलं. गाठीवर बोट, आकड्यावर बोट. पुढची गाठ. मोठ्या माणसांना दारातच मापणाऱ्याला पाच गाठींना किती तरी वेळ लागला. शेवटची गाठ त्याने तीनदा मोजली.

"एवढी उंच?" तो म्हणाला. "मयेकरभाऊ, मी इतकी वर्षं दुसऱ्याच पोरीला वाढवत होतो."

त्याचे डोळे भरले होते. माझेही. पुन्हा सूत हातात घेऊन तो खांद्याची गाठ चाचपत होता. "खांदा माझा आहे," तो म्हणाला. "बारीक आहे, पण सरळ आहे."

खानावळीतून त्याचा डबा आलेला होता. मी उठलो. दारात चपला घालताना सहज मागे बघितलं. मास्टरने ते सूत मशीनच्या डोक्यावरून समोर सोडलं, गाठी दिसतील असं. स्टूल ओढून त्याच्या समोर मांडलं. थाळीत भात काढून घेतला, पण बसला नाही. खुंटीवरचा इस्त्रीचा शर्ट काढला, बनियनवर चढवला, खालपासून एक एक बटण लावत गळ्यापर्यंत आला, गळ्याचंही लावलं, बाह्या नीट केल्या आणि मग जेवायला बसला.